वरची कडी

१

गल्लीतली पोरं मला 'कडीवाली बाई' म्हणायची. तोंडावर नाही, पाठ वळली की. मला त्याचा राग कधी आला नाही. पोलिसात सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ एकाच कामात. चोरी झाल्यावर जायचं नाही, चोरी होऊ नये म्हणून आधी जायचं. वस्तीवस्तीत बैठका घ्यायच्या, पत्रकं वाटायची, कुणाच्या दाराची कडी ढिली आहे, कुणाच्या खिडकीचा गज हलतो ते बघायचं. पत्रकातला मजकूर माझा होता. जीपवर कर्णा लावून फिरवायचे तो आवाजही माझाच. बाहेर जाताना शेजाऱ्यांना सांगून जा. दारात वर्तमानपत्रं साचू देऊ नका. अनोळखी माणसाला दार उघडू नका. माझा नवरा म्हणायचा, घरातही तू असंच बोलतेस, फक्त कर्णा नसतो.

याच कामात बंद घरांची वही होती. कुणी गावाला निघालं की चौकीत येऊन नोंद करायचं, आणि ते परत येईपर्यंत मी रोज त्यांच्या दारावरून एक फेरी मारायची. वेळ दुपारची, बारा ते चार. लोकांना वाटतं चोर रात्री येतो. तो दुपारीच येतो. पुरुष कामावर, पोरं शाळेत आणि उरलेली गल्ली जेवून आडवी झालेली असते तेव्हा. कुलूप ओढून बघायचं, खिडक्या बघायच्या, घराला वळसा घालायचा, दारात उभं राहून एक मोठी हाक मारायची आणि मीटरच्या पेटीत ठेवलेल्या कार्डावर सही करायची. हाक कशाला, असं नवीन शिपाई विचारायचे. आजूबाजूला कळावं म्हणून, की या घराला कुणीतरी विचारतंय.

त्या वर्षी उन्हाळ्यात मास्तर नोंद करायला आले. महिनाभर मुलीकडे राहायला चालले होते. फॉर्म त्यांनी स्वतःच भरला, शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा गोल अक्षरात. 'घरात राहणारे' या रकान्यात त्यांनी लिहिलं, दोघे. समोरच्या शिपायाने खाडाखोड करायला पेन उचललं, तेव्हा मी त्याच्या हातावर हात ठेवला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

"हाक मारता ना रोज?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मारते, मास्तर."

"मग झालं," म्हणाले, आणि काठी टेकत गेले.

२

मास्तरांचं घर बैठ्या घरांच्या ओळीतलं शेवटचं. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे दोन पायऱ्या. त्या ओळीत मी बैठक घेतली होती त्याला दीड वर्ष झालं होतं. मास्तरांच्या पत्नी, सगळे त्यांना काकू म्हणत, अगदी पुढे बसल्या होत्या. मांडीवर शंभर पानी वही, आणि मी बोलेन ते सगळं लिहून घेत होत्या. बाकीच्या बायका हसत होत्या. काकूंनी तीन प्रश्न विचारले. शेवटचा असा होता, की पोलीसच आहे असं कुणी खोटं सांगितलं तर काय करायचं. मी सांगितलं, दारातल्या पत्राच्या फटीतून ओळखपत्र मागायचं, नीट वाचायचं, परत द्यायचं, आणि मगच साखळी काढायची. त्यांनी ते लिहिलं आणि खाली रेघ मारली.

बैठकीनंतर मी त्यांच्या घरी गेले. दार चांगलं जाड होतं, कडी मात्र मधोमध एकच आणि तीही हलकी. मी म्हटलं, काकू, ही काढा. एक कडी खाली लावा, एक अगदी वर, म्हणजे पहार घालायला जागाच राहणार नाही. आणि मध्ये साखळी. त्यांची उंची बेताची. वरच्या कडीला हात पुरायला त्यांना टाचा उंचवाव्या लागत. मास्तर म्हणाले, अगं, पुरेल का तुला? त्या म्हणाल्या, बाईंनी सांगितलंय ना, मग पुरेल.

पुढे आठ महिन्यांनी, एका दुपारी, मास्तर चष्म्याची काडी बसवून आणायला बाजारात गेले आणि काकू घरात पडल्या. शेजारणीला तीनच्या सुमाराला खालून, उंबऱ्याजवळून, दारावर थापा ऐकू आल्या. ती धावत आली, तिने ढकललं, हाका मारल्या. खालची कडी सरकल्याचा आवाज तिने ऐकला. साखळी निघाल्याचाही ऐकला. मग काकू म्हणाल्या, वरची पुरत नाही गं. एवढंच. मास्तर आले, सुतार आला, आम्ही पोलीस आलो. दार निघायला पाऊण तास लागला. घाम पुसत सुतार म्हणाला, दार फार चांगलं बसवलंय हो कुणीतरी. आत गेलो तेव्हा काकू गेल्या होत्या, आणि दाराच्या आतल्या बाजूला, मध्यापासून वर चढत गेलेले ओल्या हाताचे ठसे होते. जिथवर हात गेला तिथवर.

वर्षअखेरीच्या अहवालात साहेबांनी त्या ओळीचा मुद्दाम उल्लेख केला. बैठकीनंतर एकही घरफोडी नाही. ते खरंच होतं. त्या वर्षी तिथे एकच दार फोडलं गेलं, आणि ते आम्ही फोडलं.

३

मास्तर मुलीकडे गेल्यानंतरचे पहिले तीन दिवस काहीच वेगळं नव्हतं. चौथ्या दिवशी मला उशीर झाला. मी पायऱ्या चढले तेव्हा तीन वाजायला आले होते. ऊन असं, की कुलूप हातात धरवत नव्हतं. रुमालाने धरून ओढलं, सोडलं, आणि नेहमीसारखी हाक मारली, "कोण आहे का घरात?"

आतून खट् असा आवाज आला.

फार मोठा नाही. लोखंडाची कडी लाकडातून सरकून थांबते तेवढाच. आणि तो खालून, माझ्या पायाजवळून आला.

मी तिथेच उभी राहिले. बाहेर कुलूप होतं. उन्हाने लाकूड आकसतं, दार बोलतं, हे मीच लोकांना सांगत आले होते. शेजारच्या घराची भिंत सामाईक होती, तिथे कुणी कपाट लावलं असेल. मी शेजारणीला विचारलं. ती दारात येऊन उभी राहिली, पण मास्तरांच्या घराकडे तिने बघितलं नाही. म्हणाली, मी दुपारी रेडिओ मोठा लावून ठेवते हल्ली. का ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मी कार्डावर सही केली आणि 'सर्व ठीक' लिहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते दोन शब्द खरे आहेत का, याची मला खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच अकरा वाजता गेले. मनाला म्हटलं, ऊन टाळायला. काही ऐकू आलं नाही. मग खिडकीपाशी गेले. काचेला हाताचा आडोसा करून बघितलं, तर बाहेरची खोली स्पष्ट दिसली. मास्तरांची खुर्ची, भिंतीला टेकवलेली घडीची खाट, कोपऱ्यात पाण्याचा माठ पालथा घातलेला. मग तिरपं होऊन मी दाराची आतली बाजू बघितली; वरचा कोपरा दिसत नव्हता, खालचा भाग दिसत होता.

खालची कडी लागलेली होती.

मास्तर त्याच दारातून बाहेर पडले होते आणि बाहेरून कुलूप लावून गेले होते. मागे दुसरं दार नव्हतं. आतली कडी आतल्या माणसालाच लावता येते. मी ते किती वेळ बघत होते कोण जाणे, काचेवर माझ्याच श्वासाचं धुकं जमलं तेव्हा भानावर आले.

४

घरात माणूस शिरलाय असा संशय आला तर साहेबांना कळवायचं, हा नियम. मी कळवलं. साहेबांनी एक तरणा शिपाई बरोबर दिला. आम्ही गज तपासले, कौलं बघितली, मोरीची जाळी बघितली. सगळं जागच्या जागी. मी त्याला खिडकीशी उभं करून म्हटलं, ती खालची कडी बघ. त्याने बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, उघडीच आहे की, बाई. मीही बघितलं. उघडी होती. माझं घड्याळ तीन वाजून चार मिनिटं दाखवत होतं.

चौकीत थोडी थट्टा झाली. चोर नाही सापडला तर कडीवाल्या बाईंना कडी सापडली, वगैरे. साहेब मात्र थट्टा न करता म्हणाले, त्या घराचं तुम्ही मनाला लावून घेतलंय. वाटलं तर ती फेरी दुसऱ्या कुणाला देऊ. मी नको म्हटलं. खरं सांगायचं तर मला ती दुसऱ्या कुणाला द्यायची नव्हती. भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा लाज जास्त होती. दाराआड जे काही होतं, त्याच्यापासून पळून जायचा हक्क मला आहे असं वाटेना.

सहाव्या दिवशी एकटीच गेले. तीनला दहा कमी. कुलूप ओढलं नाही, फक्त बोटाच्या पेराने दार वाजवलं. आणि 'कोण आहे का' म्हणायचं ते तोंडातून निघालं, "काकू."

आत साखळी किणकिणली. मग काहीच नाही. पण रिकाम्या घरातली शांतता वेगळी आणि कुणी कान देऊन उभं असतं ती वेगळी. नऊ वर्षं बंद दारांपुढे उभी राहिलेय, मला ते कळतं. पलीकडे कुणीतरी वाट बघत होतं. मी पुढे काय करते याची.

मी खिशातून ओळखपत्र काढलं. का काढलं हे आजही सांगता येणार नाही. शिकवणारी मीच होते ना. गुडघ्याच्या उंचीवर पत्र टाकायची ती फट होती, पितळी झडपेची. मी वाकले आणि ओळखपत्र अर्धं आत सरकवलं.

ते पलीकडून धरलं गेलं.

ओढलं नाही. नुसतं धरलं, चिमटीत धरतात तसं, आणि जरा मागेपुढे झालं. जवळचं नीट न दिसणारा माणूस कागद डोळ्यांपासून लांब धरून बघतो, तसं. नाव, हुद्दा, बक्कल नंबर वाचायला लागेल इतका वेळ गेला. मग हळूच माझ्याकडे ढकलून दिलं.

मी पायऱ्या कशा उतरले ते आठवत नाही. कोपऱ्यावरच्या नळापाशी बसून मी खूप वेळ रडले. घाबरून नाही. इतकं सगळं होऊनही त्या बाईने मी सांगितलेलं अजून सोडलेलं नव्हतं, म्हणून.

५

संध्याकाळी मास्तरांना फोन केला. काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव केली होती. एवढंच म्हटलं, मास्तर, घरात आवाज येतोय. त्यांनी चोर का, काय गेलं का, काहीही विचारलं नाही. मागे त्यांच्या नातवंडांचा दंगा ऐकू येत होता.

मग म्हणाले, "खालची, की वरची?"

"खालची," मी म्हटलं. "आणि साखळी."

"वरची नाही ना सरकली?"

"नाही."

"नाहीच सरकणार," म्हणाले. "उद्या येतो मी."

६

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला ते बसने आले. हातात पिशवीही नव्हती. पायरीवर बसून त्यांनी आधी दम घेतला आणि मग जे सांगितलं ते असं.

काकू गेल्यानंतर पंधरा दिवसांनी हे सुरू झालं होतं. रोज तीन वाजता. सकाळी कडी उघडी असायची, दुपारपर्यंत कधीतरी आपोआप लागायची, आणि तीनला आधी खालची सरकायची, मग साखळी निघायची, मग वर दारावर हात घासल्याचा आवाज. वर, आणखी वर, मग खाली. पुन्हा वर. पंधरा-वीस मिनिटं, मग सगळं शांत. मास्तर आत, दाराजवळ खुर्ची घेऊन बसायचे. दिसायचं काही नाही. एके दिवशी त्यांनी पेचकस घेतला आणि वरची कडीच काढून टाकली. चार भोकं राहिली तेवढी. तरी आवाज थांबला नाही. ते तिला रोज सांगायचे, वर काही नाही गं, ओढ नुसतं. पण दाराच्या बाबतीत तिने नवऱ्याचं कधी ऐकलंच नव्हतं. तुम्हाला काय कळतं त्यातलं, म्हणायची. मग मुलीने बघितलं, बाबा दाराशी बोलतात, आणि ती त्यांना घेऊन गेली.

"माझ्या घरात चोरून नेण्यासारखं काय आहे?" मास्तर म्हणाले. "नोंद केली ती तुम्ही रोज येऊन हाक माराल म्हणून. तिला एकटं वाटू नये."

तीन वाजून गेल्यावर त्यांनी कुलूप काढलं, कोयंडा बाजूला केला आणि दार ढकललं. ते उघडलं नाही. मी खांदा लावला. खालून दार सुटं होतं, बोटभर आत जात होतं. साखळीही आड येत नव्हती. पण वर, डाव्या कोपऱ्यात, ते पक्कं धरलेलं होतं. मी चवड्यांवर उभी राहून तिथे हात लावला. जिथे आता चार भोकांशिवाय काही नव्हतं, तिथून दार तसूभर हलत नव्हतं.

आणि मग हात घासायला लागला. आतून. लाकडावर, माझ्या तळहाताच्या थोडं खाली.

मी गुडघ्यांवर बसले आणि पितळी झडप उचलली. आत उन्हाचा एक पट्टा फरशीवर पडला होता. त्या पट्ट्यात, दाराला अगदी लागून, दोन पाय होते. राखाडी मोजे, एका टाचेला पांढऱ्या दोऱ्याने रफू केलेलं. टाचा फरशीपासून उचललेल्या, सगळा भार चवड्यांवर. पोटऱ्या थरथरत होत्या. वर बघावं म्हणून मी मान वळवली नाही. नसतं बघवलं.

मास्तरांनी विचारलं, दिसते का? मी मानेने हो म्हटलं. बाजूला सरा, मला बघू द्या, असं ते म्हणाले नाहीत. नुसते म्हणाले, "तुम्ही सांगा तिला."

७

बैठकांमध्ये मी हजारो लोकांशी बोलले असेन. आता त्या फटीला तोंड लावलं.

"काकू," मी म्हटलं, "मी चौकीतली बाई. काल ओळखपत्र दाखवलं ती. वर कडी नाहीये आता. मास्तरांनी काढलीय. हात खाली घ्या."

पाय तसेच उंचावलेले.

"ती कडी मी लावायला सांगितली. तुम्हाला पुरत नाही हे मला दिसलं होतं. दिसलं होतं, आणि मी बोलले नाही. माझं चुकलं, काकू. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही सगळं बरोबर केलंत."

हात घासायचा थांबला. मग एक टाच फरशीला टेकली. मग दुसरी. दिवसभर उभं राहून काम केलेली बाई टेकते तशी, जपून. क्षणभर ते पाय नुसते उभे होते, सपाट, माझ्यापासून वीतभर अंतरावर. मग ते वळले आणि उन्हाच्या पट्ट्याबाहेर गेले. पावलांचा आवाज दुसऱ्या खोलीपर्यंत ऐकू आला. त्यापुढे नाही.

दार आपणहून आत गेलं. कुरकुरलंही नाही.

मास्तर इतक्या घाईने आत गेले की काठी पायरीवरच राहिली. बाहेरची खोली, आतली खोली, मोरी. दोन खोल्यांना असा किती वेळ लागणार? पण ते पुन्हा पुन्हा फिरत राहिले. मी उंबऱ्यापाशीच थांबले. घरात बंद घराचा वास होता, फरशीवर धूळ होती, आणि दाराजवळची तेवढी जागा स्वच्छ पुसल्यासारखी होती. आणखी काही नव्हतं. कुणी कान देऊन उभं असल्यासारखी ती शांतताही नव्हती. ते मास्तरांनाही कळलं असावं, कारण ते शेवटी खोलीच्या मधोमध थांबले आणि त्यांचे खांदे खाली आले.

"मला वाटलं होतं, दार उघडलं की ती बाहेर येईल," ते म्हणाले.

इतके महिने रोज तीन वाजता का होईना, त्यांच्या घरात ती होती. आणि मी तिला सांगून टाकलं होतं, की आता धडपडायची गरज नाही. तिने माझं ऐकलं. नेहमीसारखंच.

आम्ही चार वाजेपर्यंत तिथे होतो. मास्तर दाराजवळच्या त्या स्वच्छ जागेवर खाली बसले होते. मी त्यांच्या मुलीला फोन करते म्हटलं, त्यांनी हात हलवून नको सांगितलं. शेजारीण पाण्याचा तांब्या घेऊन आली, त्या दारातून आत पाऊल टाकायची तिची ती दहा महिन्यांतली पहिली वेळ. मास्तरांनी पाणी घेतलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती खूप रडली. म्हणाली, मी बाहेरूनच ऐकत राहिले हो. मास्तर म्हणाले, तू होतीस म्हणून तिला कुणाशी तरी बोलता आलं.

मी निघाले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"वहीतली नोंद काढून टाका, बाई," म्हणाले. "आता इथे राखायचं काही नाही."

दार ओढून घेऊ का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली. तसंच राहू दे, म्हणाले.

गल्लीच्या टोकाला जाऊन मी मागे बघितलं. दार पूर्ण उघडून भिंतीला टेकलेलं होतं. आतली खुर्ची रस्त्यावरून दिसत होती, खाट दिसत होती, आणि फरशीवर बसलेला एक म्हातारा माणूस. साऱ्या नोकरीत इतकं उघडं घर मी पाहिलं नव्हतं, आणि त्यात कुणी शिरेल अशी काळजी मला वाटली नाही.